बँक की फायनान्स? घोटीच्या पेठेतला हिशेब

घोटीच्या पेठेत कोणी 'दोन टक्क्यांनी घेतले' असं म्हणालं, तर ते महिन्याचे दोन टक्के असतात. शेकडा दोन, शेकडा तीन ही जुनी सावकारी रीत. वर्षाचा हिशेब त्यात कोणी मांडत नाही. बँकेच्या पाटीवर १२ टक्के लिहिलेले असतात ते मात्र वर्षाचे. या दोन रीतींच्या मधल्या फटीत फायनान्स कंपनीचा एजंट उभा राहतो. 'भाऊ, दीडच टक्का पडतो,' असं तो म्हणतो आणि ऐकणाऱ्याला बारापेक्षा दीड फारच स्वस्त वाटतो. दीडला बारानं गुणलं की १८ होतात, शेकडा तीनचे ३६. कर्ज घेताना करायचं पहिलं गणित एवढं साधं आहे. तरी घाईच्या वेळी तेच राहून जातं, कारण पैसे हवे असतात ते दवाखान्यासाठी, लग्नासाठी, नाहीतर पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी. अशा वेळी दर विचारणं माणसाला परवडत नाही असं वाटतं.

घोटी हे मुंबई-आग्रा महामार्गावरचं इगतपुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. भाताच्या गिरण्या, किराणा आणि खतांची दुकानं, महामार्गावरची हॉटेलं, गॅरेजं. नाशिकच्या दिशेनं थोडं पुढे गेलं की गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यातले कारखाने लागतात आणि आजूबाजूला डोंगरकडेचे आदिवासी पाडे. इथं महिना २५ हजार कमावणारी तीन माणसं घ्या. एक गोंद्याच्या कारखान्यात कायम नोकरीत, दुसरा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे, तिसऱ्याचं महामार्गालगत चहा-नाश्त्याचं दुकान. कमाई सारखी. पण बँकेच्या काउंटरवर पहिल्याला चटकन फॉर्म मिळतो, दुसऱ्याला 'कंपनीचं पत्र आणा' असं सांगतात आणि तिसऱ्याला 'दोन-तीन वर्षांचे रिटर्न आहेत का?' असं विचारतात. ते नसतात. मग तिसरा फायनान्सकडे जातो. पहिल्याला १२ टक्क्यांनी मिळालेलं कर्ज तिसऱ्याला २४ टक्क्यांनी पडतं. एका घरात एक भाऊ पहिला आणि दुसरा भाऊ तिसरा, असंही असतं. बँक आणि फायनान्स यांच्यातला फरक आपण व्याजाचा समजतो. बराचसा तो कागदाचा असतो, असं माझं मत आहे.

बराचसा, सगळा नाही. पैसा कुठून येतो यातही फरक आहे. बँक लोकांच्या ठेवींवर चालते. बचत खात्यातल्या पैशांवर ती अगदी थोडं व्याज देते, चालू खात्यावर देतही नाही. ठेवीदाराचे ५ लाखांपर्यंतचे पैसे विम्यानं सुरक्षित असतात. म्हणून लोक निर्धास्तपणे पैसे ठेवतात आणि बँकेला भांडवल स्वस्तात मिळतं. फायनान्स कंपनी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या भाषेत बिगर-बँकिंग वित्तीय कंपनी, बचत खातं उघडू शकत नाही. काही मोजक्या कंपन्यांना मुदत ठेवी घेता येतात, पण त्या ठेवींना हा विमा नाही. बाकीच्या कंपन्या रोखे विकतात आणि मोठ्या प्रमाणावर बँकांकडूनच कर्ज काढतात. तेच पैसे पुढे तुम्हाआम्हाला मिळतात. इंद्रायणी तांदूळ गिरणीतून पोत्यानं घेतला तर एक भाव आणि तोच शहरातल्या मॉलमध्ये किलोच्या पिशवीत घेतला तर दुसरा, तसाच हा प्रकार.

ही साखळी किती घट्ट आहे ते सप्टेंबर २०१८ मध्ये दिसलं. आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था देणी थकवू लागली आणि तिच्याशी काही संबंध नसलेल्या फायनान्स कंपन्यांनाही बाजारात पैसे मिळेनासे झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं विनातारण ग्राहक कर्जांवरचा जोखीम भार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला. म्हणजे असं कर्ज देताना बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना स्वतःचं जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागू लागलं. त्याच वेळी बँकांनी या कंपन्यांना दिलेल्या कर्जांवरचा भारही वाढवला. ती दुसरी वाढ एप्रिल २०२५ पासून मागे घेतली. असे निर्णय मुंबईत मिंट रोडवर होतात, पण घोटीतल्या हप्त्यापर्यंत त्यांची धग पोहोचते.

फायनान्स कंपन्यांना नुसतं झोडपणं मात्र बरोबर नाही. ज्याला बँकेनं दारातूनच परत पाठवलं, त्याच्या दुकानात येऊन गल्ला बघणारा, यूपीआयच्या जमा रकमा पाहून 'हा फेडेल' असा अंदाज बांधणारा माणूस त्यांचाच असतो. त्यातली काही कर्जं बुडतात, वसुलीला माणसं पाठवावी लागतात, छोट्या कर्जालाही कागदपत्रांचा खर्च मोठ्याइतकाच येतो. या सगळ्याची किंमत व्याजात धरलेली असते. ती किंमत कधी योग्य असते, कधी अव्वाच्या सव्वा. योग्य की अयोग्य हे ठरवायचं तर एजंट सांगतो तो दर पुरत नाही.

आकडेच मांडू. दोन लाख रुपये, ३६ महिने. बँकेनं १२ टक्के दरानं दिले तर हप्ता ६,६४३ रुपये आणि तीन वर्षांत व्याज सुमारे ३९,१०० रुपये. फायनान्स कंपनीनं १८ टक्क्यांनी दिले तर हप्ता ७,२३० आणि व्याज सुमारे ६०,३०० रुपये. हप्त्यातला फरक पाहिला तर महिन्याला ५८७ रुपये. 'एवढ्यासाठी बँकेत खेटे कोण घालणार?' असं म्हणून माणूस सही करतो. तीन वर्षांचा फरक २१ हजारांच्या वर जातो.

पण हा झाला जाहिरातीतला दर. हातात पैसे किती आले ते बघा. समजा फायनान्स कंपनीनं ३ टक्के प्रक्रिया शुल्क घेतलं, ६,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,०८० रुपये. शिवाय कर्जाचा विमा म्हणून ४,००० रुपये आधीच कापले. खात्यात जमा झाले १,८८,९२०. हप्ता मात्र पूर्ण दोन लाखांवरच, ७,२३०. आता खरा वार्षिक दर काढला तर तो १८ राहत नाही, २२ टक्क्यांच्या थोडा वर जातो. बँकेनं १ टक्का शुल्क आणि जीएसटी मिळून २,३६० रुपये कापले असं धरलं तर तिचे १२ टक्के १२.८ होतात. कागदावरचा ६ टक्क्यांचा फरक प्रत्यक्षात ९ टक्क्यांच्या पुढे गेला.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे 'फ्लॅट' दर. दोन लाखांवर वर्षाला १२ टक्के म्हणजे २४ हजार, तीन वर्षांचे ७२ हजार, एकूण २ लाख ७२ हजार, भागिले ३६, हप्ता ७,५५६. चौथीतल्या मुलालाही पटेल असा हिशेब. त्यात एकच खोट आहे. दर महिन्याला मुद्दलातून काही भाग फिटत जातो, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर आकारलं जातं. फ्लॅटचे १२ टक्के म्हणजे बँकेच्या रीतीनं २१ टक्क्यांपेक्षा जास्त. म्हणून 'बारा टक्के' ऐकलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: फ्लॅट की घटत्या शिलकीवर?

मोबाइल अॅपवरच्या छोट्या कर्जात तर टक्क्यांचा विचारच कोणी करत नाही. दहा हजार, तीस दिवसांसाठी. ५०० रुपये शुल्क, ९० रुपये जीएसटी, व्याज 'फक्त अडीच टक्के'. हाती येतात ९,४१० आणि महिन्यानं भरायचे १०,२५०. जास्तीचे ८४० रुपये किरकोळ वाटतात. वर्षाच्या हिशेबानं तो दर १०० टक्क्यांच्या वर जातो.

या सगळ्यावर रिझर्व्ह बँकेनं एक चांगला उपाय आणला आहे आणि तो लोकांपर्यंत पोहोचलेला नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, वैयक्तिक कर्ज देण्याआधी मुख्य तथ्य पत्रक देणं तिला बंधनकारक आहे. शुल्क, विमा, सगळं धरून होणारा वार्षिक दर त्यात एका आकड्यात लिहिलेला असतो. पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, म्हणजे घोटीत मराठीत मागता येतं. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी ते पत्रक किमान तीन कामाचे दिवस कायम राहतं. 'आजच सही करा, उद्या ऑफर जाईल' या धाकाला त्यानंतर अर्थ उरत नाही. जे शुल्क पत्रकात नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. दोन ठिकाणची दोन पत्रकं शेजारी ठेवली की बँक की फायनान्स या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. डिजिटल कर्जांसाठी असं पत्रक आधीपासूनच सक्तीचं होतं; ते नीट दिलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये बजाज फायनान्ससारख्या बड्या कंपनीला दोन प्रकारची हप्त्याची कर्जं देणं थांबवायला लावलं होतं. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली.

एप्रिल २०२४ च्या आणखी एका परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं तपासणीत आढळलेले प्रकार लिहिले आहेत, तेही वाचण्यासारखे आहेत. पैसे खात्यात जमा होण्याआधीच, कर्ज मंजूर झाल्याच्या किंवा करार झाल्याच्या तारखेपासून व्याज लावायचं. महिन्याच्या मध्ये कर्ज दिलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज घ्यायचं. एक-दोन हप्ते आधीच कापून घ्यायचे आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर आकारायचं. असं घेतलेलं जास्तीचं व्याज परत करा, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलं. हप्ते सुरू झाल्यावर एकदा तरी खातेउतारा मागवून पहिली तारीख तपासावी ती यासाठी.

आता थोडी गंमत, कडवट. आपल्या राज्यात परवानाधारक सावकाराला किती व्याज घेता येतं हे ठरलेलं आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के. बिगरशेतकऱ्याला तारणावर १५ आणि विनातारण १८. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हे दामदुपटीचं जुनं तत्त्वही या कायद्यानं सोडलेलं नाही. सावकारावर बंधनं घालायची आपल्याकडची परंपरा १८७५ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-दस्तऐवज जाळले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये दिला. रिझर्व्ह बँकही त्यांच्यावर दराची मर्यादा घालत नाही. दर कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. म्हणजे कागदोपत्री सावकार १८ टक्क्यांना बांधलेला, आणि चकचकीत काचेच्या कार्यालयातली कंपनी ३० टक्के घ्यायला मोकळी.

अगदी मोकाट मात्र नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आशीर्वाद मायक्रो फायनान्स, आरोहण, डीएमआय फायनान्स आणि नावी फिनसर्व्ह या चार कंपन्यांना अवाजवी दरांच्या कारणावरून नवी कर्जं देण्यापासून रोखलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी सुधारणा केल्यावर बंदी उठली. गटानं कर्ज घेणाऱ्या बायकांना हा मायक्रोफायनान्सचा प्रकार ठाऊक आहेच. तिथं २०२२ पासून नियम असा की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. अडचण अशी की घराचं उत्पन्न किती हे लिहिणारा माणूस कर्ज विकायलाच आलेला असतो.

भाताच्या पट्ट्यात हप्त्याच्या तारखेचीही एक अडचण आहे, आणि तुलना करणाऱ्या कोणत्याही तक्त्यात ती सापडत नाही. भात विकून पैसा येतो दिवाळीच्या पुढेमागे. हप्ता कापला जातो दर महिन्याच्या पाच तारखेला. जून-जुलैत आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, मजुरीत सगळा पैसा गेलेला असतो आणि खात्यात शिल्लक नसते. हप्ता परत गेला की कर्ज देणारा एक दंड लावतो, ज्या बँकेत खातं आहे ती दुसरा. वर नोंद खराब होते ती वेगळीच. २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंडाचं व्याज घेता येत नाही. ठरावीक दंडशुल्क घेता येतं, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तरीही पाच महिने हप्ते परत गेले तर बाराचा दर वर चढायला वेळ लागत नाही.

शेतकऱ्यासाठी खरं म्हणजे पीककर्ज आहे. त्याची परतफेड हंगामाच्या हिशेबानं असते आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. पण गावोगाव पीककर्ज पोहोचवणारी नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक गेली काही वर्षं थकबाकीत रुतलेली आहे, त्यात नोटाबंदीत जुन्या नोटांचाही तिला फटका बसला. तिच्याकडून कर्ज घेऊन शेतकऱ्यांना देणाऱ्या गावच्या सोसायटीचा दरवाजा अरुंद झाला तसे लोक फायनान्सच्या दारात गेले. राष्ट्रीयीकृत बँकाही पीककर्ज देतात. सातबारा, आठ अ आणि इतर बँकांचं 'नो ड्यूज' घेऊन तिथं एकदा तरी विचारावं. शून्य टक्क्याचं कर्ज बाजूला ठेवून २४ टक्क्यांचं काढणं हे नाइलाजानंही करू नये असं मला वाटतं. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्जही वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. मुदत ठेव किंवा एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर त्यावरचं कर्ज त्याहून सोपं.

बँकेला लागणारे सगळे कागद असूनही लोक फायनान्सकडे का वळतात, याचं एक कारण बोललं जात नाही. जामीनदार. पतसंस्था आणि सहकारी बँका जामीनदार मागतात. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. चुलतभावाकडे 'सही कर' म्हणून जायचं, म्हणजे घरातली अडचण सगळ्या भावकीत जाहीर करायची. फायनान्स कंपनी सहसा जामीनदार मागत नाही आणि त्याबद्दल माणूस पाच-सहा टक्के जास्त मोजायला तयार होतो. यात मला काही वेडेपणा दिसत नाही. अब्रूचीही किंमत असते, फक्त ती रुपयांत किती हे मोजून मग द्यावी. पतसंस्था मात्र बँक आणि फायनान्स या दोघांहून वेगळी. ती राज्याच्या सहकार कायद्याखाली येते, रिझर्व्ह बँकेचं पत्रक किंवा लोकपाल तिला लागू नाही. थकलं तर सहकार खात्याकडून वसुलीचा दाखला मिळवून ती जप्तीपर्यंत जाऊ शकते. दर मधला असतो आणि संचालक ओळखीचे असतात. ओळखीचा फायदा कर्ज मिळताना होतो, त्रास फेडताना.

चहावाल्याकडे परत येऊ. त्याला बँकेच्या दरात कर्ज हवं असेल तर कर्जाची गरज पडण्याआधी वर्ष-दोन वर्षं कागद तयार करावे लागतील. सगळी विक्री एकाच खात्यातून. उद्यम नोंदणी, ती फुकट होते. उत्पन्न करपात्र नसलं तरी दरवर्षी रिटर्न. आणि सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळणारा पूर्ण अहवाल. तो अहवाल बघितला की कित्येकदा एखादं विसरलेलं मोबाइलच्या हप्त्याचं कर्ज उघडं दिसतं. चार फायनान्सवाल्यांनी एकाच आठवड्यात चौकशी केल्याच्या नोंदीही दिसतात. त्या पाहून पाचवा दर वाढवतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार केल्यावर ३० दिवसांत ती दुरुस्त व्हायला हवी, नाही झाली तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

फायनान्सचं महाग कर्ज आधीच घेतलं असेल तर सहा-आठ महिने हप्ते वेळेत भरून बँकेकडे जावं आणि स्वस्त कर्ज काढून पहिलं फेडून टाकावं. इथं करारातलं एक कलम बघावं लागतं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही, मग ते बँकेचं असो की फायनान्सचं. पण वैयक्तिक कर्जं बहुतेक ठरावीक दराची असतात, त्यांना ही सवलत नाही. दोन-पाच टक्के शुल्क आणि वर जीएसटी देऊनही बदल परवडतो का, ते उरलेल्या महिन्यांवर ठरतं. पहिल्या वर्षात बहुधा परवडतो. शेवटच्या वर्षात सहसा नाही, कारण तोवर व्याजाचा मोठा वाटा देऊन झालेला असतो.

वसुली करणाऱ्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही, मायक्रोफायनान्समध्ये तर ९ ते ६ हीच वेळ. नातेवाईकांना फोन करून बदनामी करणं हा नियमभंग आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत. अॅपवाली कंपनी खरोखर नोंदलेली आहे की नाही हे कर्ज घेण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर पाहता येतं. विनापरवाना सावकाराची तक्रार मात्र नाशिकला जिल्हा उपनिबंधकांकडे करायची.